हात लागला की लोळतात!

प्रश्न: फुटबॉलची प्रीमियर लीग बघताना आमचे बाबा सारखे म्हणतात, "हल्लीचे सगळे नाजूक, आमच्या वेळचे इंग्लिश प्लेअर बघायला हवे होतेस." एवढे दणकट होते का हो ते?

उत्तर: होते की! १९८९ ला स्टॉकहोममध्ये स्वीडनविरुद्ध वर्ल्ड कप क्वालिफायर होती, त्यात इंग्लंडच्या टेरी बुचरचं कपाळ फुटलं, टाके घातले, पट्टी बांधली आणि हा गडी परत हेडर मारत सुटला, शेवटी पांढरा शर्ट लालभडक, मॅच मात्र ०-०. आज रक्त दिसलं की रेफरी आधी बाहेर काढतो.

पण बाबांना १९७० ची चेल्सी-लीड्स एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची स्पर्धा) फायनलची रिप्ले, म्हणजे बरोबरी झाल्यामुळे पुन्हा खेळवलेली मॅच, पण दाखवा. चेल्सीच्या रॉन हॅरिसने (टोपणनाव 'चॉपर', उगाच नाही) सुरुवातीलाच लीड्सच्या एडी ग्रेच्या गुडघ्यामागे अशी लाथ हाणली की आधीच्या मॅचमध्ये चेल्सीला नाचवणारा ग्रे नंतर फारसा दिसलाच नाही, पुढे दोन्हीकडून लाथाबुक्क्या, आणि रेफरीने अख्ख्या मॅचमध्ये ताकीद देऊन नाव लिहिलं फक्त एकाचं! ह्याला दणकटपणा कसला म्हणायचा, ही सरळ गुंडगिरी. आणि हो, कप चेल्सीनेच नेला, २-१.