मुंबईच्या दमट हवेत काचेची ऑफिसं कशाला बांधतात?

काच हलकी, पटकन बसते आणि 'कॉर्पोरेट' दिसते, म्हणून. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) दुपारी पश्चिमेच्या खिडकीशी बसून पाहा: ऊन आत येतं, उष्णता आतच अडकते, मग पडदे ओढा, दिवे लावा, एसी वाढवा. उजेडासाठीच काच लावली होती ना?

मुंबईचा खरा पेच असा की समुद्राचा वारा पश्चिमेचा, आणि दुपारचं ऊन नि पावसाची झोडही तिकडूनच. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या 'कांचनजंगा' या उंच इमारतीचे (१९८३) कोपरे कोरून दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या. खोल्या आत सरकल्या, वारा आरपार. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच तो! ती राहती इमारत आहे, मान्य; पण खोल सज्जा ऑफिसलाही चालतो. फोर्टातल्या जुन्या कचेऱ्यांचे व्हरांडे बघा.