दिवाळीत घरातल्या प्राण्यांची काळजी : वाचकांची प्रश्नोत्तरे

वसुबारस जवळ आली की त्याच त्याच शंका दरवर्षी येतात, म्हणून त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : कुत्र्याला एखादी चकली दिली तर चालेल का?

नाही.

प्रश्न : आमच्या लॅब्रेडॉरने काल रात्री बेदाणे घातलेले चार रव्याचे लाडू खाल्ले. आज तो छान खेळतो आहे. शेजारच्या काकू म्हणतात, दही घाला, सगळे बाधलेले उतरेल. तरीही डॉक्टरांकडे न्यावे का?

हो, आणि हे वाचून संपण्याची वाट न पाहता न्यावे. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती बेदाणे खाल्ले तर धोका नाही, असे प्रमाण सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो आणि दुसरा थोडक्यांनीच अंथरूण धरतो. तो खेळतो आहे, हा दिलासा फसवा आहे. उलट्या बहुधा पहिल्या दिवसभरात सुरू होतात, पण मूत्रपिंडांचे काम बंद पडायला एक ते तीन दिवस लागतात, आणि ‘सकाळपासून लघवीच केली नाही’ हे मालकाच्या लक्षात येते तेव्हा उपचाराची सोपी वेळ निघून गेलेली असते. खाल्ल्यावर पहिल्या एक-दोन तासांत आणले असते तर पशुवैद्याने औषध देऊन उलटी करवली असती. आता सलाईन आणि दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा क्रिएटिनीनची (मूत्रपिंडे नीट चालतात का, हे दाखवणाऱ्या रक्तातील घटकाची) तपासणी, एवढेच हाती उरते. दह्याचा येथे काहीही उपयोग नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय तर त्याहून वाईट, कारण त्याने रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात. ‘रात्रभर बघू या, नाहीतर सकाळी नेऊ’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा मला आता राग येतो. निघताना किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, हे कागदावर लिहून घ्या. चिवडा खाल्ला असेल तर तळलेला कांदा आणि लसूण यांचाही उल्लेख करा; त्यांनी तांबड्या पेशी फुटतात आणि हिरड्या फिक्या पडणे, लघवी गडद होणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात.

प्रश्न : आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांचा दोरा मांजराने गिळला आहे, टोक तोंडाबाहेर दिसते. ओढून काढू का?

मुळीच ओढू नका. दोरा जिभेखाली अडकून आत आतड्यापर्यंत गेलेला असू शकतो, आणि ओढल्यास आतडे कापले जाते. दोरा आहे तसाच ठेवून दवाखान्यात न्या.

प्रश्न : फटाक्यांच्या भीतीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे सुगंधी तेल ऑनलाइन मिळते. ते वापरावे, की माणसाची झोपेची गोळी अर्धी द्यावी?

दोन्ही नको. ‘नैसर्गिक’ हा शब्द छापायला काही पडत नाही. टी ट्री तेल नैसर्गिकच आहे आणि मांजरांना विषारी आहे. मांजराचे यकृत काही द्रव्ये माणसासारखी निरुपद्रवी करू शकत नाही, म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते. भीतीवर चांगली औषधे आहेत, पण मात्रा वजन, वय, हृदय आणि यकृत पाहून ठरते, आणि काही गुंगीच्या औषधांनी अंग लुळे पडते, भीती मात्र तशीच राहते. म्हणून दिवाळीच्या आठवडाभर आधी तपासून घ्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करू नका. घरी आतली खोली, बंद खिडक्या, चालू पंखा, अंधारापूर्वी फिरवणे आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर, एवढे करा.

प्रश्न : फिनाईलने फरशी पुसली तर मांजराला त्रास होतो का?

होतो, कारण ते पंजे चाटते. फिनाईल टाळा, दुसरे काही वापरले तरी फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : भेट आलेल्या पुष्पगुच्छात लिली आहेत आणि मांजर तिथेच घुटमळते.

गुच्छ आत्ताच घराबाहेर काढा. लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तसे कण अंगावर दिसत असतील तर आजच पशुवैद्याला दाखवा.