ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी इंदूरमध्येच सेकंडहँड घेतलेली, २०११ ची छोटी हॅचबॅक, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी) ऑटोमॅटिक. सकाळी डीमध्ये (ड्राइव्ह) टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग दणका देऊन निघते. मधूनच डॅशवरचा दिवा लुकलुकतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. वर्कशॉपने नव्या गिअरबॉक्सचा आकडा सांगितला तो गाडीच्याच किमतीला भिडतोय. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "भिया, मैन्युअल डाल देंगे, टेंशन खतम." आणि ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटात ब्रेक तापतात म्हणून तुम्हालाही मॅन्युअल बरीच वाटते. होतं का, किती लागेल, आरटीओ काय म्हणेल, एवढं विचारलंय.

होतं. पण या कामात गिअरबॉक्स हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा भाग असतो, आणि मिस्त्री भाव सांगतो तो बहुतेक वेळा तेवढ्याचाच. मी पीथमपूरला एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या असेंब्ली लाईनवर बरीच वर्षं काढली, आता धाकट्या भावाच्या गॅरेजात बसतो. असं काम अर्ध्यावर अडकलेल्या गाड्या अधूनमधून आमच्याकडे येतात. गिअरबॉक्स बसलेला असतो, पण गाडी एक तर चालू होत नाही किंवा चालू झाली की चेक लाईट जात नाही.

मिस्त्री "डाल देंगे" म्हणतो तेव्हा काय काय बदलावं लागतं ते ऐका. तुमच्या इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नाही. तिथे पत्र्याची पातळ चकती आहे, फ्लेक्सप्लेट, आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला आहे. मॅन्युअलला ओतीव लोखंडाचं जाड फ्लायव्हील लागतं, त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. आता ही गंमत बघा: पत्र्याच्या चकतीचे बोल्ट आखूड असतात, फ्लायव्हीलचे लांब. जुनेच बोल्ट जाड फ्लायव्हीलवर कसले तर आत क्रँकमध्ये जेमतेम काही आटे पकडतात. हाताला घट्ट लागतात, टॉर्क रेंचही क्लिक करतो, आणि काही महिन्यांनी क्लच सोडताना खालून टकटक सुरू होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जागा धरणाऱ्या दोन पोकळ पिना असतात, त्यांचंही तसंच. जुना बॉक्स काढताना एखादी पीन हरवली आणि तशीच जोडाजोडी केली, तर बॉक्स केसभर तिरका बसतो आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग घूं घूं करायला लागतं. अशा वेळी मिस्त्री छातीठोकपणे सांगतो, की कबाडातला बॉक्सच खराब निघाला.

याशिवाय क्लचचं पेडल, त्याची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, त्यासाठी फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, भोक. (काही मॉडेलांत भोकाची जागा आधीच दाबून ठेवलेली असते, नशीब असेल तर.) ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद. गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल. एक्सल बहुधा दोन्ही वेगळे, कारण दोन बॉक्सची रुंदी सारखी नसते. बॉक्स ज्यावर टेकतो ते फाउंडेशन (माउंटिंग) वेगळं. रेडिएटरमधून ऑटोमॅटिकचं तेल थंड करणाऱ्या नळ्या निघतात, त्या नीट बंद करायच्या. स्टार्टर मोटर काही गाड्यांत चालते, काहींत नाही.

हे सगळं सुटं सुटं जमवायचं म्हटलं तर इथल्या छोटी ग्वालटोलीच्या बाजारात चकरा, मग दिल्लीच्या मायापुरीचा भंगारातला माल, मग "ये वाला एक्सल नहीं लगेगा, दूसरा लाओ". म्हणून माझं स्पष्ट मत आहे: त्याच मॉडेलची, त्याच काळातली, त्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी अपघातात गेलेली, अख्खी, कागदांसकट मिळत असेल तरच हात घालावा. बोल्टपासून वायरिंगपर्यंत सगळं एका जागी मिळतं, आणि उरलेलं भंगार विकून थोडे पैसे सुटतात. अशी गाडी हाती नसेल तर सुरुवातच करू नका.

आता खरी डोकेदुखी, ती वायरिंगची. ऑटोमॅटिक गाडी फक्त पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) स्टार्ट होते, कारण गिअरबॉक्सवर एक स्विच असतो आणि स्टार्टरचा करंट त्याच्याकडून परवानगी घेऊन जातो. बॉक्स काढला की स्विच गेला. चावी फिरवली की टकसुद्धा नाही. यावर गॅरेजातला सर्रास इलाज म्हणजे त्या दोन वायरी पिळून एकत्र करायच्या, वर टेप. गाडी चालू होते, सगळे खूश. पण आता ती गिअरमध्ये असतानाही चालू होते. पार्किंगमध्ये पहिला गिअर टाकून ठेवलेली, घरातल्या कोणीतरी बाहेरून हात घालून चावी फिरवली, तर गाडी समोरच्या भिंतीवर उडी मारेल. क्लच पेडलच्या वर एक छोटा स्विच लावून तीच वायर त्याच्यातून न्यावी, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. काम किरकोळ आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. रिव्हर्सचा दिवाही याच जुन्या स्विचवरून जातो. मॅन्युअलला त्याचा वेगळा स्विच बॉक्सवर असतो, तिथपर्यंत वायर न्यावी लागते. आणि काही मॉडेलांत लिव्हर पीमध्ये असल्याशिवाय चावी निघत नाही. लिव्हरच उपटून काढलं तर चावी कायमची आत! गॅरेजातल्या पोरांना तेव्हा कळतं, की लिव्हरपासून इग्निशनपर्यंत आणखी एक केबल होती.

यापुढचं काम पान्याने होत नाही. इंजिनचा ईसीयू (त्याचा कॉम्प्युटर) आणि गिअरबॉक्सचा कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतात. गिअर बदलताना कंट्रोलर इंजिनाला क्षणभर ताकद कमी करायला सांगतो, इंजिन त्याला थ्रॉटलची खबर देतं. एक बाजू गप्प झाली की दुसरी फॉल्ट धरते: चेक लाईट, आयडलिंग वरखाली, कधी इंजिन ताकदच देत नाही. उपाय म्हणजे डोनर गाडीचा, म्हणजे वर सांगितलेल्या अपघातातल्या मॅन्युअल गाडीचा ईसीयू. पण तो बसवला की इमोबिलायझर (अनोळखी चावीने गाडी चालू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) तुमची चावी ओळखत नाही, म्हणजे डोनरची चावी आणि इमोबिलायझरचा सेट आणा, नाहीतर स्कॅनर लावून नव्याने जोडून घ्या. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवू शकतो. नव्वदीच्या दशकातल्या ऑटोमॅटिक झेन किंवा एस्टीममध्ये हे लचांड फार कमी होतं. तुमच्या २०११ च्या गाडीत ते आहेच.

परदेशातले हौशी लोक हे करताना दिसतात, ते वेगळ्या कारणाने. त्यांना चालवण्यातली मजा हवी असते. वाचलेले पैसे मोजायला ते बसत नाहीत.

आरटीओचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात परवानगीशिवाय बदल केल्यास दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल यांना कायद्यात रीतसर वाट आहे. गिअरबॉक्सच्या या उलाढालीला तशी तयार वाट नाही. तुमच्या आरसी कार्डावर मॉडेलच्या नावात एटी (ऑटोमॅटिक) लिहिलेलं असेल तर बोलायलाच नको, कागद एक आणि गाडी दुसरीच. काम सुरू करण्यापूर्वी नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी अर्ज द्या. तोंडी "चलता है" कुणाचंही ऐकू नका, एजंटचं तर नाहीच. इन्शुरन्सच्या पॉलिसीवरही तोच व्हेरियंट लिहिलेला असतो. न कळवता बदल केलात आणि उद्या अपघात झाला, तर क्लेम नाकारायला सर्व्हेअरला आयतं कारण मिळेल. विकतानाही तेच: ऑटोमॅटिक शोधणाऱ्याला ती नको, मॅन्युअल शोधणारा कागद बघून निघून जाणार.

म्हणून खर्चाचा हिशेब मी उलट्या बाजूने मांडायला सांगेन. मिस्त्रीकडून वरच्या एकेका वस्तूचा भाव कागदावर घ्या, ईसीयू आणि स्कॅनिंग धरून. त्यात गाडी आज आहे त्या अवस्थेत विकली तर काय येईल ती रक्कम मिळवा. त्या बेरजेत त्याच वयाची चांगली मॅन्युअल गाडी बाजारात मिळते का बघा. बहुतेकदा मिळते, आणि तीही स्वच्छ कागदांची.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न तुमच्या मिस्त्रीने विचारलेलाच दिसत नाही: तुमच्या बॉक्सला नेमकं झालंय काय? उशिरा लागणं, दणका, एका गिअरमध्ये अडकणं, ही लक्षणं आतल्या क्लच प्लेटा जळाल्या तरी दिसतात आणि तेल कमी असलं, फिल्टर तुंबला किंवा एखादा सोलेनॉइड (आतल्या तेलाचा प्रवाह वळवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) निकामी झाला तरी दिसतात. दुसऱ्या प्रकारात बॉक्स उतरवावाही लागत नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे कंट्रोलरने फॉल्ट धरून गाडीला मुद्दाम एकाच गिअरमध्ये बांधलंय. त्याने कोड साठवलेला असतो. तो इंजिनचा नाही, गिअरबॉक्सचा वाचून घ्या. साधा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतो आणि "कुछ नहीं है" म्हणून मोकळा होतो.

तेल स्वतः बघता येतं. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर सावकाश सगळ्या जागांवरून फिरवून परत पीवर आणा. मग बॉक्सची डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. (काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, काही बॉक्सना डिपस्टिकच नसते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातलं वाचा.) तेल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर किंवा फिकट तपकिरी असेल तर आशा आहे. काळं आणि जळका वास असेल तर प्लेटा गेल्या. रोझ मिल्कसारखं गुलाबी, दुधट दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी तेलात आलंय, गाडी तिथेच उभी करा. खालचं पॅन उघडलं तर चुंबकावर करडा, मऊ गाळ दिसेल. त्याला घाबरू नका, तो सगळ्यांच्याच बॉक्समध्ये असतो. बोटाला टोचणारे धातूचे कपचे दिसले तर मात्र आत काहीतरी तुटलंय.

आणि बॉक्स खरोखरच गेला असेल तर कबाडातून मॅन्युअल कशाला शोधताय? तेवढ्याच चकरांत त्याच मॉडेलचा ऑटोमॅटिक बॉक्स शोधा. वायरिंग तेच, एक्सल तेच, चावी तीच, कागदाला धक्का नाही. जुना माल म्हणजे थोडा जुगार आहेच. पण बसवून, चालवून दाखवीन या अटीवर घेतलात आणि त्याचं तेल आधी कागदावर टिपून बघितलंत तर जुगार बराच आटोक्यात येतो. तुमचाच बॉक्स उघडून प्लेटा, सीलं आणि गॅस्केट बदलणारे कारागीरही आहेत. फक्त त्यांनी याच मॉडेलचे बॉक्स उघडलेत का ते विचारा, मॅन्युअलचा उत्तम मिस्त्री इथे उपयोगाचा नाही.

घाटाचं राहिलं. ब्रेक तापतात त्याचं कारण ऑटोमॅटिक नव्हे, डीमध्ये टाकून उतरणं. लिव्हरवर २ आणि एल (लो) दिलेत ते त्यासाठीच. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करून २ वर आणा, जास्त तीव्र वळणांना एल. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक अधूनमधूनच लागतो. मात्र हे बॉक्स दुरुस्त झाल्यावर. डी लागायला जो बॉक्स तीन सेकंद घेतो तो घेऊन भेरूघाट उतरू नका, तोवर ओंकारेश्वरला बसने जा. कोड आणि तेलाचा रंग कळला की इथेच लिहा, पुढचं तेव्हा बघू.