बंद झालेल्या इराणी हॉटेलांतला चहा आणि ब्रून-मस्का घरी तसाच का होत नाही?

मुंबईत धोबी तलावचं बस्तानी २००४ मध्ये बंद झालं, पुण्यात डेक्कनवरचं लकी आणि कॅम्पातलं नाझही गेलं. तुम्ही विचारलंय की या हॉटेलांत चहात वेगळं काय घालत आणि घरचा ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव, चिवट का होतो.

चहात वेगळं काहीच घालत नव्हते. फरक रीतीत होता. आपल्या बहुतेक घरांत चहा होतो तो अमृततुल्याच्या वळणाचा: पाणी, साखर, आलं, पूड आणि दूध एकाच पातेल्यात उकळायचं. तो उत्तम चहा आहे, पण इराण्याचा नव्हे. इराण्याकडे कोरा चहा एका भांड्यात आणि दूध दुसऱ्या भांड्यात मंद आचेवर आटत असे. दोन्ही एकत्र येत ते थेट कपात. म्हणूनच ‘पाणी कम’ अशी ऑर्डर देता येई. एकाच पातेल्यातल्या चहात पाणी कमी-जास्त करणार कसं?

चार कपांसाठी अर्धा लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. उकळी आली की आच अगदी बारीक करा, अधूनमधून तळापासून ढवळा आणि साय परत दुधातच मोडत राहा. पाऊण तासाच्या आत ते ३६० ते ४०० मिली उरतं आणि रंग किंचित पिवळसर होतो. चहाची अर्धी चव इथे तयार होते. घाईने मोठ्या आचेवर आटवलं तर तळ लागतो, आणि तो वास पूड कितीही कडक असली तरी झाकत नाही. वेळ नसेल तर आटवण्याऐवजी ३५० मिली कोमट दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर गुठळी न होता मिसळा आणि उकळा. चव जवळपास जाते, खमंगपणा मात्र येत नाही.

दुसरीकडे २०० मिली पाण्यात पाच चमचे साखर विरघळवून उकळी आणा, त्यात १२ ग्रॅम बारीक दाण्याची पूड (दुकानात ‘डस्ट’ म्हणून मिळते ती) घाला, झाकण ठेवा आणि बारीक आचेवर सहा-सात मिनिटं ठेवा. लगेच गाळा. पूड पाण्यात पूर्ण उतरते, दुधात तितकी उतरत नाही, म्हणून ती आधी पाण्यातच शिजवायची. दहा मिनिटांच्या पुढे गेलात तर कडवटपणा येतो. पानाची महाग चहा पावडर इथे वाया जाते. तिचा सुगंध इतक्या दुधात हरवतो आणि रंगही चढत नाही.

आता कपात आधी कोरा चहा, वरून गरम दूध. नेहमीच्या चहाला एकास दोन, ‘पाणी कम’ला एकास तीन. मिसळल्यावर पुन्हा उकळू नका. आलं-वेलची सहसा नसे. घालायचंच असेल तर आलं कोऱ्या चहात उकळा. कच्चं आलं दुधात गेलं तर ते फाटू शकतं, कारण आल्यात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं आणि ते उकळल्यावरच निकामी होतं.

ब्रूनकडे येऊ. मऊ लादीपावाच्या कृतीने ब्रून करायला गेलं की तो फसतो. ब्रूनच्या पिठात दूध, लोणी, तेल यांतलं काही नसावं, स्निग्धतेने कवच मऊ पडतं. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर. दहा-बारा मिनिटं चांगलं मळा. पीठ फुगून दुप्पट व्हायला आपल्या हवेत तास-सव्वा तास लागतो, मेच्या उकाड्यात त्याहूनही कमी. साधारण ८० ग्रॅमचे दहा गोळे करा, पाऊण तास पुन्हा फुगवा आणि वर धारदार पात्याने चीर द्या.

ओव्हन २३० अंशांवर निदान २० मिनिटं तापू द्या. खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवा, कारण वाफेने पृष्ठभाग लवकर सुकत नाही, पाव पूर्ण फुगतो आणि मगच कवच धरतं. दहा मिनिटांनी ट्रे काढा आणि आणखी दहा-बारा मिनिटं भाजा. ट्रे काढायचा विसरलात तर पाव रंगतो पण कुरकुरीत होत नाही. बेकरीच्या लाकडी भट्टीची कोरडी, दाट उष्णता घरच्या ओव्हनला नाही, म्हणून शेवटी दार बोटभर उघडं ठेवून पाच मिनिटं पाव आतच राहू द्या. मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना इंधन बदलायला सांगितलं गेलं, तेव्हा बाहेरच्या ब्रूनची चवही जपून पारखा.

ब्रून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला की चिवट होतोच. आतली ओल कवचात येते आणि बाहेर जायला वाट मिळत नाही. सुती कापडात ठेवा आणि खाण्याआधी १८० अंशांवर पाच मिनिटं तापवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको.

मस्का लावताना तापवलेला पाव पूर्ण गार झालेला असावा, कोमटही नको. लोणी वितळून आत मुरलं तर तो तूप लावलेला पाव होतो. खारं लोणी तासभर बाहेर ठेवून चमच्याने फेटा, पांढरट आणि हलकं झालं की एका पावाला २० ग्रॅम लावा. हे प्रमाण जास्त वाटेल, पण त्याहून कमी लोण्यात मस्का जिभेला लागत नाही. मग दातेरी सुरीने बोटभर रुंद पट्ट्या कापा, म्हणजे कपात बुडवता येतात.

आपलं बरोबर जमलंय का हे ताडून पाहायचं असेल तर मुंबईत १९०४ पासूनचं कयानी आणि पुण्यात १९३५ पासूनचं गुडलक आहे. तिथे आधी चहा नुसता प्या, मग पाव बुडवून. घरीही तसंच करून पाहा. बुडवल्यावर घरचा चहा पाणचट लागला तर दूध कमी आटलंय असं समजा.