अर्धा न्यूट्रॉन तर नसतो, मग क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ कसं?

३५.५ हे कुठल्याही एका क्लोरीन अणूचं वस्तुमान नाही. ती निसर्गात सापडणाऱ्या दोन प्रकारच्या क्लोरीन अणूंची सरासरी आहे. दोन्हींत प्रोटॉन १७च, पण न्यूट्रॉन एकात १८ आणि दुसऱ्यात २०, म्हणून वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज) ३५ आणि ३७. साधारण चार अणूंमागे तीन ३५चे, एक ३७चा: (३×३५ + ३७) ÷ ४ = ३५.५. मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर) काढलेला क्लोरीन अणूंचा आलेख एकदा नीट बघाच, लगेच पटेल. ३५ला एक उंच रेघ, ३७ला तिच्या साधारण एक तृतीयांश उंचीची दुसरी, आणि ३५.५च्या जागी काहीच नाही! याच तंत्राने समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे असे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, शोधल्याबद्दल फ्रान्सिस ॲस्टन यांना १९२२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एक मात्र लक्षात ठेवा: ३५.५ हा आकडा शाळेतल्या गणितांपुरता ठीक, अधिक अचूक आकडा ३५.४५ आहे. कारण प्रमाण नेमकं तीनास एक नाही (सुमारे ७५.८ आणि २४.२ टक्के), शिवाय केंद्रक बांधलं जाताना थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं, त्यामुळे क्लोरीन-३५चं प्रत्यक्ष वस्तुमान ३४.९७ भरतं.