बिल्डरचे पर्यावरणाचे आकडे ‘स्वतंत्रपणे तपासलेले’ म्हणजे नेमकं काय?

नागपूरच्या मिहानजवळ फ्लॅट बघताय आणि बिल्डर कंपनीच्या पर्यावरण अहवालात ‘स्वतंत्र तपासणी झालेली’ लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवावा का, असं विचारलंत. आधी तपासणाऱ्याचं पत्र वाचा. ते बहुधा अहवालाच्या शेवटी असतं. ‘चुकीचं काही आढळलं नाही’ अशी भाषा असेल तर ती मर्यादित हमी (लिमिटेड अॅश्युरन्स), म्हणजे तुलनेने वरवरची तपासणी. वाजवी हमीत (रीझनेबल अॅश्युरन्स) पडताळणी जास्त खोल असते: वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, मीटरच्या नोंदी. सेबीने २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर (पर्यावरण-सामाजिक अहवालातल्या निवडक आकड्यांच्या स्वतंत्र तपासणीची चौकट) आणलं ते मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांसाठी. लहान स्थानिक बिल्डरला ते लागू नाही. कंपनीच्या उत्सर्जन-कपातीच्या उद्दिष्टाला एसबीटीआयची (अशी उद्दिष्टं विज्ञानाला धरून आहेत का हे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मान्यता मिळाली म्हणजे दरवर्षीचे आकडे तपासले गेले, असंही नाही. सिमेंट-पोलादाचं उत्सर्जन धरलंय का, हे मात्र नक्की बघा, बांधकामाचा मोठा भार तिथेच असतो! आपल्याकडच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी मोजलंय का, हेही विचारा.