रानअळंबीत निघालेल्या पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या कशाच्या?
डोकं काळं चकचकीत आणि अंग जवळजवळ पारदर्शक असेल, तर त्या बहुधा फंगस नॅट या चिलटासारख्या माशीच्या अळ्या. भिंगातून बघा: पाय नसतात, आतडं काळपट रेघेसारखं आरपार दिसतं. डोकं वेगळं न दिसता पुढचं टोक नुसतंच निमुळतं असेल, तर घरमाशी-फळमाशीच्या गोतातली. पायांच्या तीन जोड्या दिसल्या तर भुंगेऱ्याची.

कळकळीने सांगतो, अळ्या आहेत म्हणजे अळंबी खायला चालेल असं मुळीच समजू नका. विषारी अळंबीतही त्या छान पोसतात.

नुसत्या अळीवरून नेमकी जात ठरवणं अवघड. बरणीत ओलसर मातीवर अळंबी ठेवा, तोंडाला मलमल बांधा. माशी निघाली की पंखांच्या शिरांवरून ओळख पटवता येते.